मोठी बहीण शाळेत गेली तर धाकट्याचं वजन वाढतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पालघर जिल्ह्यात तुमची लहानशी संस्था मुलींच्या शाळागळतीवर काम करते. एक परदेशी देणगीदार पैसे द्यायला तयार आहे. त्याची अट अशी, की प्रस्तावात बालपोषण आणि मुलींचं शिक्षण ‘एकत्र’ दिसलं पाहिजे आणि तीन वर्षांत गावातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमधलं खुंटलेल्या वाढीचं, म्हणजे वयाच्या मानाने उंची फार कमी असण्याचं, प्रमाण उतरलं पाहिजे. ही सांगड खरी की नुसती फॅशन, आणि प्रस्तावात लिहायचं काय, हे तुम्हाला हवं आहे.

वीसेक वर्षं मी अशाच प्रकल्पांचं मूल्यमापन करते आहे. सांगड खरी आहे. पण ती तीन वर्षांत दिसत नाही आणि तुमच्या देणगीदाराने ज्या जागी शोधायला सांगितली आहे तिथे तर नाहीच. साधा हिशोब करा. वाढ खुंटते ती गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत. तुमच्या वर्गातली मुलगी आज बारा वर्षांची. ती शिकली, वीस-एकविसाव्या वर्षी आई झाली आणि तिचं मूल दोन वर्षांचं झाल्यावर आपण त्याची उंची मोजली, तर मध्ये दहा-अकरा वर्षं गेलेली असतात. प्रकल्पाची मुदत तीन वर्षं. म्हणजे आंबा लावायचा आणि तिसऱ्या महिन्यात पेटी मागायची, तसं झालं.

तुमच्या देणगीदाराच्या कागदपत्रांत एक आकडा बहुधा असेलच: ४३ टक्के. तो लिसा स्मिथ आणि लॉरेन्स हद्दाद यांच्या २००० सालच्या अभ्यासातला. त्यांनी ६३ विकसनशील देशांची १९७० ते १९९५ मधली आकडेवारी घेतली आणि या काळात मुलांचं कमी वजनाचं प्रमाण जेवढं घटलं त्यातला ४३ टक्के वाटा बायकांच्या शिक्षणाचा, असं मांडलं. अन्नाच्या उपलब्धतेचा वाटा २६ टक्के निघाला. दहा वर्षांनी, २०१० मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १७५ देशांचा अभ्यास आला. १९७० ते २००९ दरम्यान टळलेल्या बालमृत्यूंपैकी निम्म्याहून थोडे जास्त बायकांचं शिक्षण वाढल्यामुळे टळले, असा त्याचा निष्कर्ष. या दोन आकड्यांवर मदतीच्या दुनियेत किती सादरीकरणं उभी राहिली असतील, त्याला गणती नाही.

मी हे आकडे खोटे म्हणत नाही. पण ते देशांची देशांशी तुलना करून काढलेले आहेत. ज्या देशात मुली माध्यमिक शाळेत जातात, तिथे साधारणपणे रस्ते, नळ, दवाखाने आणि घरात चार पैसेही जास्त असतात. सोनाल्डे देसाई आणि सौम्या अल्वा यांनी १९९८ मध्ये २२ देशांच्या घरोघरच्या पाहण्या तपासल्या. घरची ऐपत आणि राहण्याचं ठिकाण हिशोबात धरल्यावर आईच्या शिक्षणाचा बालमृत्यूवरचा आणि मुलांच्या उंचीवरचा परिणाम बराच आक्रसला. लसीकरणावरचा मात्र टिकला. तो निबंध देणगीदारांच्या सादरीकरणांत मला क्वचितच भेटला आहे. त्यात सोयीचं काही नाही ना!

घरचंच उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान महाराष्ट्रात दहावीपर्यंत शिकलेल्या बायका वाढल्या. अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २६.३ वरून २१.९ टक्क्यांवर आलं. आणि खुंटलेल्या वाढीचं प्रमाण? ३४.४ वरून ३५.२. शिक्षण वाढलं की उंची आपोआप वाढते असं असतं, तर हे झालं नसतं. पाणी, संडास, गरोदर होण्याआधीचं आईचं वजन, तिच्या अंगावरचं काम, हे सगळं मध्ये येतं. तेव्हा ‘शिक्षण द्या, कुपोषण जाईल’ असं वाक्य प्रस्तावात लिहू नका. कोणी जुना जाणकार वाचत असेल तर तिथेच पेन्सिलीने रेघ ओढेल.

मग मी सांगड खरी कशावरून म्हणते? मुख्यतः ग्वाटेमालावरून.

मध्य अमेरिका आणि पनामाची एक पोषण संस्था आहे, इन्काप. तिने १९६९ ते १९७७ या काळात ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत एक प्रयोग केला. दोन खेड्यांत ‘अतोले’ नावाची प्रथिनयुक्त पेज रोज दोनदा द्यायची, दोन खेड्यांत ‘फ्रेस्को’ नावाचं गोड सरबत, ज्यात प्रथिनं नाहीत. गावात एक केंद्र होतं, कोणीही यावं, प्यावं; लहान मुलांनी किती प्यालं ते लिहून ठेवायचं. प्रश्न एवढाच होता, की प्रथिनं मिळाली तर मुलांची वाढ आणि बुद्धी सुधारते का. मुलींच्या शाळेचा विचार या प्रयोगाच्या आखणीत नव्हताच.

पण त्यांनी याद्या नीट ठेवल्या. पंचवीस-तीस वर्षांनी संशोधक परत गेले आणि त्या मुलांना, म्हणजे आता मोठ्या झालेल्या बायका-पुरुषांना, शोधून काढलं. लहानपणी अतोले मिळालेल्या बायका सरासरी १.२ इयत्ता जास्त शिकल्या होत्या. वाचून समजण्याच्या चाचणीत बायका आणि पुरुष दोघेही पुढे होते. आणि या बायकांची मुलं? जन्मतः सुमारे ११६ ग्रॅम जास्त वजनाची, पुढे सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जास्त उंच. पेज आईने प्यायली होती तिच्या बाळपणी, आणि वजन वाढलं नातवंडाचं. नातवंड म्हणजे पेज वाटणाऱ्यांच्या नजरेतून म्हणते मी.

यात एक बोचणारा तपशीलही आहे. अतोले प्यायलेल्या पुरुषांची तासाची कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. बायकांच्या कमाईत तसा फरक दिसला नाही. त्या जास्त शिकल्या, पण त्या शिक्षणाला बाजारात भाव नव्हता. तरीही त्यांच्या मुलांना फायदा झाला. आई कमावती झाली तरच मूल सुधारतं, असं एक गृहीतक आपल्याकडे फार घट्ट बसलेलं आहे. ग्वाटेमालातून ते निघत नाही.

तेव्हा साखळी दोन्ही बाजूंनी चालते. पोटात गेलेलं अन्न मुलीला शाळेत टिकवतं, आणि शाळा पुढच्या बाळाच्या पोटापर्यंत पोचते. आपल्याकडेही याचा एक ठळक पुरावा आहे आणि तो आपल्या खिचडीचा आहे. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये सुमन चक्रवर्ती, पूर्णिमा मेनन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. शाळेच्या वयात मध्यान्ह भोजन पूर्णपणे मिळालेल्या मुली पुढे आया झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांची वयानुसार उंची, भोजन न मिळालेल्या आयांच्या मुलांपेक्षा ०.४० प्रमाण विचलनाने जास्त होती (मुलामुलांत नेहमी किती फरक असतो ते सांगणारं हे सांख्यिकीतलं माप). दोन वर्षांच्या मुलाच्या मापात सांगायचं तर साधारण सव्वा सेंटिमीटर. २००६ ते २०१६ मध्ये देशातल्या मुलांच्या उंचीत जी सुधारणा झाली, तिच्यातल्या १३ ते ३२ टक्क्यांचा संबंध त्यांनी या भोजनाशी जोडला. आता आठवा, आपली योजना कशी सुरू झाली. १९९५ मध्ये ८० टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायला मिळायचं. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच जेवण द्या म्हणून आदेश दिला, तेव्हा कुठे बहुतेक राज्यांत चूल पेटली. त्या वेळी कोणी तीन वर्षांनी गावातल्या दोन वर्षांच्या मुलांची उंची मोजून ‘काही फरक नाही’ म्हणून योजना गुंडाळली असती तर?

परदेशी मदतीच्या अन्नाबद्दल थोडं विषयांतर करते. घरातल्या मोठ्यांना विचारा, ७२ च्या दुष्काळातला मिलो, म्हणजे आयात केलेली लाल ज्वारी, आणि वाटपातली सुकडी त्यांना आठवेल. शाळेत दुधाची पावडर यायची. त्या मदतीच्या मागे अमेरिकी शेतातलं उरलेलं धान्य खपवण्याचा हिशोब होता, आणि पुढेही तो पूर्ण गेला नाही. २००० मध्ये क्लिंटन सरकारने शाळांमधल्या अन्नासाठी ३० कोटी डॉलरचा प्रायोगिक कार्यक्रम काढला. २००२ मध्ये त्याचा मॅकगव्हर्न-डोल कार्यक्रम झाला. दोघेही माजी सिनेटर; जॉर्ज मॅकगव्हर्न डेमोक्रॅट, बॉब डोल रिपब्लिकन. दोघांच्या राज्यांत गहू पिकतो, हे लक्षात ठेवलं की मैत्री समजते. पण नावातच ‘शिक्षणासाठी अन्न’ आणि ‘बालपोषण’ दोन्ही आलं, आणि मुलींची पटनोंदणी हा त्याचा सुरुवातीपासूनचा हेतू होता. हेतू मिश्र असले तरी जेवण खरं असतं. मी या बाबतीत सोवळं पाळत नाही.

आता बांगलादेश. जोडकामाचं सर्वांत मोठं आणि सर्वांत गोंधळाचं उदाहरण तेच. १९८२ मध्ये शाहरास्ती नावाच्या उपजिल्ह्यात माध्यमिक शाळेतल्या मुलींना उपवृत्ती द्यायचा छोटा प्रयोग अमेरिकी मदतीवर सुरू झाला. १९९४ पासून तो देशभराच्या ग्रामीण भागात गेला. पैसे सरकारचे, जागतिक बँकेचे, आशियाई विकास बँकेचे आणि नॉर्वेचे. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि लग्न करायचं नाही. रक्कम किती? सहावीला महिन्याला २५ टका. चहापाण्याचे पैसे म्हणा. पण ती मुलीच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात जायची, आणि तिच्या नावावर काहीतरी असण्याची ती पहिलीच वेळ असायची. दुसऱ्या बाजूला १९९३ पासून प्राथमिक शाळांत ‘शिक्षणासाठी अन्न’ योजना होती: गरीब घरातलं मूल शाळेत येत असेल तर महिन्याला १५ किलो गहू किंवा १२ किलो तांदूळ. ती २००२ मध्ये बंद करून रोख रक्कम सुरू झाली, कारण धान्य वाटेतच झिरपायचं.

माध्यमिक शाळांत मुली मुलांच्या बरोबरीला आल्या. १९९६-९७ मध्ये पाच वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांची वाढ खुंटलेली होती. २०२२ च्या पाहणीत हे प्रमाण २४ टक्के आहे. डेरेक हेडी आणि सहकाऱ्यांनी या उतरणीची कारणं शोधली तेव्हा दोन मोठी निघाली: घरची वाढलेली मालमत्ता आणि आईवडिलांचं वाढलेलं शिक्षण. आईवडिलांचं, नुसतं आईचं नव्हे. प्रस्ताव लिहिताना बाप नेहमी गळतो, म्हणून मुद्दाम सांगते.

गोंधळ कुठे? लग्नाची अट घालूनही २०१९ च्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या निम्म्या बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. म्हणजे शाळेने लग्न थोडं पुढे ढकललं, मोडलं नाही. आणि अट मोडली तर काय? मुलीची उपवृत्ती बंद. ज्या मुलीला त्या पैशांची सगळ्यात जास्त गरज तीच बाहेर.

अटींचा हा पेच मलावीतल्या झोम्बा जिल्ह्यात फार स्वच्छ दिसला. सारा बेअर्ड, क्रेग मॅकिन्टॉश आणि बर्क ओझलर यांनी काही मुलींना हजेरीच्या अटीवर पैसे दिले, काहींना बिनशर्त. अट असलेल्या मुली शाळेत जास्त टिकल्या. पण लग्न आणि गर्भारपण कमी झालं ते बिनशर्त पैसे मिळालेल्यांमध्ये, कारण ज्या शाळा सोडून गेल्या त्यांच्याही हातात पैसे येत राहिले. नंतरच्या फेरीत हा फायदा पैसे थांबल्यावर विरून गेला. तरीही त्या काळात बिनशर्त गटातल्या मुलींना झालेली बाळं पुढे उंचीला चांगली निघाली. आता सांगा, हा प्रकल्प शिक्षणाचा की पोषणाचा? हजेरी मोजणाऱ्याने एका गटाला पास केलं असतं, वजनकाटा घेऊन आलेल्याने दुसऱ्याला.

इथपर्यंत सगळं पिढी ओलांडणारं झालं. पण याच वर्षी, याच घरात दिसणारी सांगडही आहे, आणि ती तुमच्या कामाची आहे. ती म्हणजे मोठी बहीण.

तुम्ही डहाणू-तलासरीकडे फिरत असाल तर हे चित्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे: नऊ-दहा वर्षांची पोर, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. आई मजुरीला किंवा वीटभट्टीवर. पोरगी पटावर आहे, वर्गात नाही. आली तर भावाला घेऊन येते आणि तो रडला की उठून जाते. धाकट्याला दिवसभर कोण काय भरवतं हा पोषणाचा प्रश्न, आणि ती वर्गात का नाही हा शिक्षणाचा. कागदावर दोन खाती. दारात एकच मुलगी. पहिल्या-पहिल्या वर्षांत एका गावात मी शिक्षकांना विचारलं होतं, या मुलीची गैरहजेरी कशामुळे लिहिता? ते म्हणाले, “मॅडम, कारणाचा रकाना नाही.”

ही गाठ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तुमच्याच परिसरात ओळखली होती. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे ‘विकासवाडी’ उभी राहिली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. मूल येत नसेल तर त्याच्या अंगणात जाऊन शिकवायचं, ही कल्पनाही त्यांचीच. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पाळणाघराचा धागा मात्र मागे राहिला. आज बहुतेक ठिकाणी अंगणवाडी दुपारी सुटते आणि शाळा संध्याकाळी. मधले ते तीन-चार तास मोठ्या बहिणीचे.

मोझांबिकच्या गाझा प्रांतात सेव्ह द चिल्ड्रनने खेड्यांत बालवाड्या काढल्या आणि नीट तुलना करून परिणाम मोजला. बालवाडीतल्या मुलांची शाळेची तयारी सुधारली, हे अपेक्षितच. पण घरातल्या दहा ते चौदा वयाच्या मोठ्या भावंडांचं शाळेत जाणंही सुमारे ६ टक्के-अंकांनी वाढलं. आणि वाढ खुंटण्यावर परिणाम? नाही. बालवाडीत येईपर्यंत तीन वर्षं उलटलेली असतात, म्हणून. तोच वयाचा मुद्दा, पुन्हा.

उलट्या बाजूचं उदाहरण बुर्किना फासोच्या उत्तर भागातलं. २००६-०७ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाच्या शाळांत दोन पद्धती ताडून पाहिल्या: काही शाळांत दुपारचं जेवण, काही शाळांत मुलींना महिन्याला दहा किलो पीठ घरी न्यायला, ९० टक्के हजेरीवर. दोन्हीकडे मुलींची पटनोंदणी ५ ते ६ टक्के-अंकांनी वाढली. पण घरी पीठ गेलं त्या घरांतल्या पाच वर्षांखालच्या भावंडांचं वयानुसार वजन ०.३८ प्रमाण विचलनाने चढलं. शाळेतलं जेवण शाळेत जाणारीच्या पोटात थांबतं. पोतं घरी गेलं की वाटणी होते. आपल्याकडे घरी न्यायच्या शिध्याला नेहमी नाकं मुरडली जातात, की म्हशीला घालतात, विकतात. घालत असतीलही. पण प्रश्न ‘शिजवलेलं की कोरडं’ असा नसून ‘कोणत्या पोटासाठी’ असा आहे. शाळकरी मुलीसाठी गरम खिचडी. तिच्या धाकट्यासाठी तिच्या हातात काहीतरी.

हे सगळं इतकं उघड असताना मदतीच्या जगात जमत का नाही? कारण पैशांना कप्पे असतात. श्रीमंत देशांचा मदतीचा हिशोब पॅरिसमध्ये, ओईसीडी या त्यांच्या संघटनेत, सांकेतिक क्रमांकांनी ठेवला जातो. मूलभूत पोषणाचा क्रमांक १२२४०, तो आरोग्याच्या कप्प्यात. शाळेतल्या जेवणाला ११२५०, तो शिक्षणाच्या कप्प्यात. त्यावर स्त्री-पुरुष समानतेची खूण शून्य, एक की दोन (शून्य म्हणजे तो हेतूच नाही, दोन म्हणजे तोच मुख्य हेतू), आणि पोषणाचीही तशीच खूण. तुमच्या देणगीदाराला ‘एकत्र’ हवं आहे त्याचं एक कारण बहुधा असं असेल, की एकाच रकमेवर दोन खुणा पडल्या की त्यांच्या वार्षिक अहवालात ती दोनदा चमकते. त्याला वाईट म्हणू नका, त्याच्या वर बसलेला माणूस त्याला तेच विचारतो. पण त्या खुणेसाठी तुम्ही तुमच्या शिक्षिकांना वजनकाटे देऊन पळवायला लागलात, तर दोन्ही कामं बिघडतील. अशा एका ‘एकात्मिक’ प्रकल्पाचं मुदत संपतानाचं मूल्यमापन मी केलं होतं. कार्यकर्तीच्या पिशवीत सतरा नोंदवह्या होत्या. सतरावी वही होती, बाकीच्या सोळा भरल्या की नाही याची.

आणखी एक गोष्ट, भाषेची. ‘अशिक्षित मातांच्या अज्ञानामुळे कुपोषण’ हे वाक्य कितीही जणांनी लिहिलेलं असलं तरी तुम्ही लिहू नका. शाळा आईला नेमकं काय देते, यावर रॉबर्ट लेव्हाइन यांनी मेक्सिको, नेपाळ, व्हेनेझुएला आणि झांबियात वर्षानुवर्षं काम केलं. आहाराचे धडे वगैरे फार थोडे. मुख्य म्हणजे, वर्गात बसलेल्या बाईला सरकारी-दवाखानी बोलणं कळतं आणि बोलता येतं. हे मी स्वतः बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसून पाहिलं आहे. सातवी झालेली आई सांगते, “परवा रात्रीपासून जुलाब, काल पाच वेळा, लघवी कमी झालीय,” आणि उलट विचारते, “हे पाणी किती वेळाने पाजू?” तिच्या शेजारची न शिकलेली आईही तेवढंच जाणून असते, मूल तिनेच रात्रभर धरलेलं असतं, पण टेबलापलीकडून प्रश्न आला की ती मान खाली घालते आणि डॉक्टर पुढच्याला हाक मारतात. म्हणून पाचवी-सातवीत मुली वाचायला खरोखर शिकतात का, हाच माझ्या मते तुमचा सर्वांत पोषक कार्यक्रम आहे.

आता प्रस्ताव. खुंटलेल्या वाढीचा इंडिकेटर सरळ काढायला सांगा. कारण लिहून द्या: तुम्ही ज्या मुलींबरोबर काम करता त्यांची बाळं अजून जन्मायची आहेत, आणि गावातल्या आजच्या दोन वर्षांच्या मुलाची उंची तुम्ही गावात येण्याआधीच बऱ्याच अंशी ठरून गेली आहे. त्याऐवजी तीन वर्षांत हलू शकतं ते मोजा. पाचवीतून सहावीत आणि आठवीतून नववीत जाताना किती मुली गळतात. धाकट्यामुळे चुकलेले दिवस किती. त्यासाठी हजेरीपत्रकात कारणाचा तो रकाना आधी आखून घ्यावा लागेल, मुख्याध्यापकांशी बोलून. मुलींचं हिमोग्लोबिन: २०१९-२१ च्या पाहणीत देशात पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता, आणि लोहाच्या साप्ताहिक गोळ्यांचा सरकारी कार्यक्रम २०१३ पासून आहेच, गोळी पोटात जाते का एवढंच पाहायचं. काल दिवसभरात दहा अन्नगटांपैकी किमान पाच तिच्या ताटात आले का. लग्न झालं असेल तर कितव्या वर्षी.

खर्चाच्या बाजूला मी एकच नवी ओळ टाकेन: शाळेच्या आवारात किंवा हाकेच्या अंतरावर पाळणाघर, शाळा सुटेपर्यंत उघडं. दोन बायका, स्वच्छ पाणी, दोन वेळचं खाणं, सहा महिने ते तीन वर्षांची मुलं. तुमचं शिक्षण आणि त्यांचं पोषण खरोखर एकत्र येतं ते इथे, आणि इथे वजन मोजलं तर त्याला अर्थही आहे. देणगीदार म्हणेल, हे महाग आहे. दर मुलामागे मोजलं तर आहेच. मग सुटलेली मोठी बहीणही त्याच हिशोबात धरा म्हणावं.

शेवटची मागणी थोडी विचित्र वाटेल: बजेटमध्ये थोडी रक्कम दहा वर्षांनंतरसाठी मागा. ती मिळणार नाही, तरी मागा. ग्वाटेमालातलं सगळं कळलं ते याद्या जपल्यामुळे. देशोदेशींच्या घरोघरच्या पाहण्या ज्या अमेरिकी कार्यक्रमातून १९८४ पासून होत होत्या, त्याचा पैसा २०२५ च्या सुरुवातीला अचानक थांबवला गेला. अमेरिकेची परदेशी मदत देणारी संस्था यूएसएड तर त्याच वर्षी जुलैत बंदच झाली. दुसरं कोणी मोजून ठेवेल या भरवशावर आता राहता येत नाही. तुमच्या सहावीच्या आजच्या मुलींची यादी, जन्मतारीख, उंची, वाचनपातळी आणि आईचं माहेरचं गाव, हे पालकांच्या संमतीने एका जाड वहीत लिहा. गाव यासाठी, की लग्नानंतर मुलगी शोधताना मोबाइल नंबर बदललेला असतो, मामाचं घर बदललेलं नसतं. वही संस्थेच्या कपाटात ठेवा, प्रकल्पाच्या नाही. प्रकल्प संपला की त्याचं कपाट रिकामं करतात.